मेव्हण्याच्या हातचा दोर

मध काढायला कड्याखाली गेलेला माणूस रिकामा डबा घेऊन वर आला, तेव्हा मी आधी तोंडाचा पट्टा सोडला.

"अवो, मोहोळ कुठाय? सकाळपासनं आमी दोघं हितं कशाला वाळत पडलोय?"

"ऱ्हायलं," आमचे हे म्हणाले. कमरेचा दोर सोडायचंही त्यांना सुचत नव्हतं. पाय पसरून नुसते बसले होते आणि एकटेच हसत होते. मला वाटलं, माशा चावून डोक्यात गेलं की काय.

दोराचं दुसरं टोक माझ्या धाकट्या भावाच्या, धाकलूच्या हातात होतं. अंजनीच्या बुंध्याला एक वेढा आणि बाकी सगळा भार त्याच्या तळहातांवर. तोही कावला होता. "दाजी, म्या हितं जीव काढतोय आन् तुमी खाली झोप काढत व्हता व्हय?"

"आरं धाकलू, मदी आजून एक हाय."

"काय?"

"धबधबा. मदी आजून एक धबधबा हाय. कुनीच बघितल्याला न्हाई."

आता हे नीट सांगायला हवं. आमचं कुंभळटेप म्हणजे सह्याद्रीच्या अगदी काठावरची धनगरांची वाडी. आमचा ओढा काठावरून खाली कोकणात उडी घेतो. वरून बघितलं तर पहिली उडी दिसते, मग कडा आत वळतो आणि पाणी दिसेनासं होतं. खाली कोकणातल्या लोकांना शेवटची उडी दिसते. वरचे म्हणायचे आमचा धबधबा, खालचे म्हणायचे आमचा. मध्ये काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाला पडलंही नव्हतं. त्या दिवशी हे पोळ्याच्या कपारीवर उतरले, आणि मधाचं सोडून खडकाला धरून पलीकडे सरकत गेले. का गेले, देवाला माहीत.

"रांजणावाणी खोल जागा हाय सगू. सगळी वाडी मावंल. पानी वरनं न्हाई पडत, भिताडातनं भाईर येतं आन् उडी घेतं. खाली ऊन पडलं की इंद्रधनुष्य. आन् अर्धं न्हाई. गोल! पुरं गोल, तुज्या बांगडीवाणी."

"मध असता तर दोन पैसं आलं असतं," मी म्हणाले. माझा स्वभावच असा. पण रात्री भाकरी थापताना तेच डोळ्यांपुढे येत होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आमच्या वाडीत कड्यावर उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा, अशी पहिल्यापासूनची रीत. सख्खा भाऊ चालत नाही. सख्ख्या भावाला म्हशींची वाटणी दिसते. सोबती चालत नाही. तो प्यायला असला तर काय घ्या! पण मेव्हण्याला आपल्या बहिणीचं कपाळ दिसतं. तो जीव गेला तरी दोर सोडत नाही. दुसऱ्या कुणाचा हात त्या दोराला लागू द्यायचा नाही, बाईचा तर नाहीच नाही. हे मला नेहमी चिडवायचे, "तुला काय बघून केली न्हाई सगू, धाकलूचे हात बघून केली." मीही म्हणायची, "मग त्यालाच भाकऱ्या थापायला सांगा."

मधल्या धबधब्याचं यांनी वाडीभर सांगितलं. कुणी खरं मानलं नाही. लोक हसायचे. "जानू, गोल इंद्रधनुष्य व्हतं, का डोळंच गोल झालं व्हतं?" असं म्हणत पारावरचे म्हातारे खोकेपर्यंत हसायचे. हेही सुरुवातीला हसले. मग हसेनासे झाले. साधा माणूस होता, कधी कुणाला एक खोटा शब्द बोलला नव्हता. त्यांना ते फार लागलं. आणि कपारीवरून पुन्हा बघायला जावं, तर दाखवायचं कुणाला? वाडीतला कोण उतरणार होता त्यांच्याबरोबर?

दोन पावसाळे असे गेले. मग दिवाळीनंतर खांबेटे सर आले. कॉलेजात शिकवायचे, सुट्टी लागली की दोर घेऊन डोंगरात. त्यांच्याबरोबर शलाका नावाची एक मुलगी. अंगाने काडी, पण चालायला वाऱ्यासारखी. आल्या आल्या माझ्या हातचं ताक तांब्याभर प्यायली आणि म्हणाली, "वहिनी, अजून आहे?" मला ती तेव्हा आवडली होती.

सरांनी अंगणात नकाशा पसरला. "हे बघा जानूभाऊ, वरचा कडा आणि खालचा कडा मोजला तरी उंची पुरत नाही. मध्ये काहीतरी असायला हवं."

हे नकाशाकडे बघतच नव्हते. सरांच्या तोंडाकडे बघत होते. "म्हंजी तुमचा इस्वास बसतोय?"

"बसतोय म्हणून तर आलोय."

झालं! त्या एका वाक्यावर हा माणूस विकला गेला.

ठरलं ते असं. पहिल्या दिवशी फक्त शलाका आणि हे, दोघांनी पहिल्या उडीच्या बाजूने कपारीपर्यंत उतरायचं. तिथून तो मधला धबधबा बघायचा, त्याचे फोटो काढायचे आणि परत वर. पुढचं सगळं दुसऱ्या दिवशी. त्यांचे रंगीत दोर पाण्याच्या बाजूने सोडायचे होते. यांनी एकच अट घातली, मधाच्या बाजूने आमचा दोर असला पाहिजे आणि तो धाकलूच्या हातात पाहिजे.

"असू दे की," सर म्हणाले. "एकाला दोन बरे. तुमची रीत आहे, आम्ही कशाला मोडू?"

सकाळी हे मुंडासं बांधत होते, तेव्हा मी आडवी आले. "जाऊ नका. त्यांना वाट दाखवा आन् माघारी या. तुमचं काय आडलंय?"

"सगू, मला खोटा म्हनत्यात."

"म्हनू द्यात! मी म्हनतीय का?"

"तू बी हसलीस."

"मी सगळ्यांनाच हसते."

"एक फोटू आला की झालं," हे म्हणाले. "मग जन्मात न्हाई उतरायचो. तुझी आण." माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात जरा जास्तच वेळ ठेवला. मी झटकून टाकला. मला काम होतं.

ऊन छान पडलेलं होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. काठावर नारळ फोडला. शलाकाने डोक्यावर लाल हेल्मेट चढवलं, यांनाही एक देऊ केलं. यांनी नको म्हटलं, मुंडासं बरं. दोघं काठावरून दिसेनासे झाले. धाकलू बुंध्याशी पाय रोवून बसला. मी त्याच्यापासून लांब, रीतीप्रमाणे, दोराकडे पाठ करून. सर काठावर पालथे पडले होते, हातात वॉकीटॉकी. मला ते यंत्र नवीन होतं.

बराच वेळ खरखर. मग त्या पोरीचा आवाज आला.

"सर... सर, हे... मला बोलताच येत नाहीये सर."

"काय झालं? शलाका?"

"काही नाही. खूप मोठा आहे. जानूभाऊ म्हणाले त्यापेक्षा मोठा. पाणी खडकातून बाहेर येतंय, अख्खं पाणी! सर, इथे पक्षी आपल्या पायांखालून उडतायत."

सर तिथेच उठून बसले आणि डोळे पुसायला लागले. एवढा बाप्या माणूस! मग पुन्हा खरखर, आणि यांचा आवाज. यंत्रातून माझ्या नवऱ्याचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला, चेपल्यासारखा, बारीक.

"सगू हाय का तितं? सगू, गोल हाय बघ. पुरं गोल. ह्या बाईनं बी बघितलं. फोटू काढला. आता सांग वाडीला!"

सरांनी यंत्र माझ्या तोंडाशी धरलं. "बरं बरं, या आता वर," मी म्हणाले. "भाकरी गार होतीय." एवढंच बोलले.

मी परत जागेवर येऊन बसले आणि ओढ्याकडे लक्ष गेलं. पाण्याचा रंग बदलला होता. सकाळी तळ दिसत होता, आता तांबूस झालं होतं. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. पण मागे, वरच्या पठाराकडे बघितलं तर आभाळ काळं कुट्ट. परतीचा पाऊस. यंदाचा गेला म्हणून आम्ही गवतसुद्धा कापून टाकलं होतं. पानं वाहत आली, मग काटक्या, मग एक कुजका ओंडका आमच्यासमोर काठावरून गेला आणि खाली आदळल्याचा आवाजही आला नाही.

"वर या! शलाका, लगेच वर या!" सर ओरडत होते.

"येतोय," ती म्हणाली. मग एक किंकाळी ऐकू आली, आणि मग यंत्रात काहीच नाही. सरांनी ते आपटलं, कानाला लावलं, पुन्हा आपटलं. त्यांचे रंगीत दोर जिथे होते तिथे आता पाण्याचा जाड लोंढा होता. दोर त्यात होते, पण त्यांचा कुणाला काय उपयोग! मी आई-बापाच्या नावाने ओरडत होते. एक आमचाच दोर तेवढा कोरड्या बाजूला लोंबत होता.

आणि त्याला हिसका बसला. एक, दोन. म्हणजे ओढ.

"आला!" मी किंचाळले. "धाकलू, आले रे, वढ!"

धाकलूने ओढ घेतली. पहिल्या ओढीला तो क्षणभर थांबला. मी त्याच्या पाठीमागे होते, मला त्याची मान दिसत होती. मग तो पुन्हा ओढायला लागला, पण असा ओढायला लागला की तसं कुणाला मी कधी बघितलं नाही. बैलासारखा. एरवी हे स्वतः हातापायाने चढत यायचे, धाकलू फक्त ढिला दोर घ्यायचा. त्या दिवशी खालून काही जोर नव्हता. मला वाटलं, लागलंय यांना.

"मी हात लावू?" सरांनी विचारलं.

"लावा." धाकलू म्हणाला. आणि मान न वळवता पुढे म्हणाला, "आक्का, तू बी धर."

"मी?"

"धर म्हनतो ना! बिगी बिगी वढ. बिगी!"

मी धरला. बाईने धरायचा नसतो तो दोर मी धरला, तळहाताचं कातडं गेलं तरी कळलं नाही. अंगात कुठून बळ आलं होतं कुणास ठाऊक. ओढता ओढता मी यांना शिव्या देत होते. "या, या वर, मग बघते तुमच्याकडं! पुरं गोल व्हय! तुमचे पाय मोडून घरात बसवते, बघा तुमी! या वो, या वर, या..." रडत होते आणि हसतही होते, कारण दोर येत होता. हातभर, हातभर करत येत होता. सर माझ्या मागे 'हं, हं' करत होते. धाकलू एक शब्द बोलत नव्हता.

काठाशी दोर घासला आणि लाल हेल्मेट वर आलं.

माझ्या हातून दोर सुटला. पण तोवर सरांनी पुढे उडी मारून तिला दंडाला धरलं होतं. पोरीचा एक हात कोपरापासून उलटा वळलेला, तोंड पांढरं. कमरेला दोर होता आणि दोराला तिला पक्कं बांधलेलं होतं ते यांच्या मुंडाशाने. ती माझ्याकडे बघून म्हणत होती, "मी पडले. ते म्हणाले, आधी तू. मी नको म्हणत होते वहिनी, ते म्हणाले, आधी तू."

धाकलूने तिच्या कमरेची गाठ दातांनी सोडवली आणि दोर परत खाली सोडला. सगळा सोडला. आम्ही तिघं त्या दोराकडे बघत राहिलो. दोर हलला, पण तो पाण्याने हलत होता. कपारच पाण्याखाली गेली होती. सूर्य बुडेपर्यंत धाकलू तो दोर हातात धरून बसला होता, दोन हिसक्यांची वाट बघत. कुणी त्याला उठवायला गेलं की तो लाथ मारायचा.

खालच्या कोकणातल्या लोकांना हे सापडले. धाकलू गेला आणि घेऊन आला. मला तोंड बघू दिलं नाही, आणि बरंच केलं.

फोटो पेपरात छापून आला. खरंच गोल आहे इंद्रधनुष्य, तसूभर कमी नाही. पारावरच्या म्हाताऱ्यांनी तो पेपर हातोहात फिरवला. यांना खोटं म्हणायची आता कुणाची टाप नव्हती. मग त्याच म्हाताऱ्या तोंडांनी सांगायला सुरुवात केली की दोराला बाईचा हात लागला, म्हणून घात झाला. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण पाणवठ्यावर मी गेले की बाया गप्प व्हायच्या. एकदा मी हंडा आपटून सगळ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून तर कुणी माझ्या वाऱ्यालाही उभं राहीनासं झालं.

खांबेटे सरांनी खटपट करून त्या धबधब्याला यांचं नाव लावलं. चांगल्या मनानेच केलं. आता सुट्टीच्या दिवशी गाड्या भरभरून माणसं येतात. माझ्या दारात चहा मागतात, आणि पोरंसोरं ओरडत जातात, 'जानूला बघायला चला, जानूत पाणी किती आहे?' जे नाव मी जन्मात तोंडाने घेतलं नाही, ते दिवसभर कानावर आदळतं.

शलाका दरवर्षी येते. हात पुरता सरळ झाला नाही तिचा. लग्न झालं, मूल झालं, तेही घेऊन आली एकदा. पाया पडते, माझ्याजवळ बसून राहते. मी चहा देते. तिचं काय चुकलं? काहीच नाही, मला कळतं ते. पण मला ती नजरेसमोर नको होते. खोटं कशाला बोलू?

धाकलूने त्यानंतर दोर धरला नाही. माझ्या म्हशी, माझं रान, सगळं त्यानेच बघितलं, स्वतःच्या संसाराच्या आधी. पण माझ्याकडे मान वर करून बघायचा नाही. मी म्हणायची, "आरं, तुजा काय दोष? तुज्या हातात व्हतं तेवढं तू केलंस." तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहायचा.

अशी पुष्कळ वर्षं गेली. एकदा शलाका येऊन गेली. ती खिंडीकडे वळेपर्यंत मी दारात उभी होते. धाकलू अंगणात रेडकाचं दावं वळत बसला होता. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, "पोर आता भरली जरा. तवा काय, निस्ती काडी व्हती."

"व्हय," धाकलू म्हणाला. "दाजींच्या निम्मी बी भरली न्हाई हाताला."

बोलून गेला आणि त्याचे हात थांबले.

मी त्याच्या समोर जाऊन बसले. "धाकलू, माज्याकडं बघ. तुला कवा कळलं?"

तो दाव्याकडे बघत होता.

"कवा कळलं, इचारते मी!"

"पयल्या वढीला," तो म्हणाला. "एवढी वरसं त्यांचं वजन घेत आलो, आक्का. हाताला कळतं. पयल्याच वढीला कळलं की दाजी न्हाईत."

समोर रेडकू उभं होतं, तेवढंच दिसत होतं. मी त्या पोरीला 'या वो, या वर' म्हणत ओढली होती. रडत, हसत, हाताचं कातडं सोलून. आणि माझ्या पुढ्यात बसलेल्याला सगळं माहीत होतं.

"मग मला धराया का लावलंस? मला?"

"पानी चढत व्हतं. ती लवकर वर आली असती तर दाजींसाटी दोर परत सोडता आला असता. दोघांच्यानं बिगी व्हईना, तिसरा हात पायजे व्हता. दुसरं कोन व्हतं तितं?"

"आन् मला सांगितलं का न्हाईस? तवा एका शब्दानं का न्हाई बोललास?"

तेव्हा त्याने मान वर केली. इतक्या वर्षांनी भावाचं तोंड मी नीट बघितलं. म्हातारा झाला होता धाकलू.

"सांगितलं असतं, तर वढलं असतंस?"

काय बोलायचं असतं ते मला माहीत होतं. बोलावं असंही वाटलं. पण त्याच्या तोंडावर खोटं बोलवेना.

"न्हाई," मी म्हणाले. "सोडला असता."

"म्हून न्हाई सांगितलं," धाकलू म्हणाला, आणि त्याने दावं पुन्हा हातात घेतलं.